गुहेकडे जाणारी वाट बंद होती

फुटाळा_काठ
२८ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीत आई, मी आणि माझी दोन मुलं नागपूरहून कोकणात गुहागरकडे जाऊन आलो. समृद्धीनं भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत, पुढं गोवा महामार्गानं. प्रवास लांबचा आहे, पण आता आवाक्यात आलाय. प्रवासाबद्दल वेगळं लिहीन. हा धागा एका कुलपाबद्दल आहे.

पाडव्याला सकाळी अकराच्या सुमारास आम्ही हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळापाशी उतरलो. शेजारीच बामणघळ आहे. काळ्या कातळात समुद्रानं खोदलेली अरुंद, लांब चीर. भरती चढत होती. आधी आतून एक दणका येतो, तो कानापेक्षा पोटात जास्त जाणवतो. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग चिरेतून पाणी पांढरंशुभ्र होऊन वर उसळतं. माझी आई सत्तरीच्या पुढची. माहेर उमरेडचं, सगळा संसार नागपुरात. तिनं समुद्र याआधी एकदाच पाहिला होता, गेटवेला, गर्दीत. इथं ती कडेपासून लांब एका कातळावर बसली आणि दर दणक्याला माझं मनगट घट्ट धरत होती. निघूया म्हटलं की म्हणायची, "थांब गं, आणखी एक." असं करत तास गेला.

ज्यांच्या घरी राहिलो होतो त्या काकांनी रात्री जेवताना सांगितलं, की पलीकडच्या गावात कातळाखाली एक गुहा आहे, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आत चालत जाता येतं. "उद्या द्वितीया. साडेसातला पुरती सुकती लागेल. सातच्या आत खाली उतरा, साडेआठला वर या." त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, मोबाइलही नाही. तिथी आठवली आणि वेळ सांगितली.

भाऊबीजेला सकाळी साडेसहाला आम्ही सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, निघालो. करवंदीच्या जाळ्या, मधून पायवाट, दगड पायांनी गुळगुळीत झालेले. अर्ध्या उतारावर नवंकोरं लोखंडी गेट, त्याला कुलूप, आणि पाटी: खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद. राखणदार भला माणूस होता. म्हणाला, "ताई, माझ्या हातात काही नाही."

आम्ही उभे असतानाच मागून दोन बायका आल्या. डोक्यावर टोपल्या, हातात कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायचं टोकदार लोखंड. त्यांनी कुलपाकडे पाहिलंसुद्धा नाही, गेटच्या अलीकडूनच वळल्या. मी विचारलं तर एक म्हणाली, "गणपतीनंतर लावलान कुलूप. आता पलीकडच्या खाडीनं फेरा मारायचा. फेरा मारून पोचेस्तोवर पाणी चढायला लागतं."

गुहा आम्हाला दिसली नाही, त्याची हळहळ आहेच. पण ते शेवटचं वाक्य मला झोपू देत नाही. गावाचं आणि जागेच्या मालकाचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही, कुणी विचारूही नका. मला जाणून घ्यायचंय ते एवढंच: समुद्रानं खोदलेल्या गुहेवर हक्क कुणाचा? तिच्याकडे जाणाऱ्या वाटेवर कुणाचा? आणि नागपूरसारख्या समुद्रापासून इतक्या लांबच्या माणसानं त्यात बोलावं का?


महाल_गल्ली
२८ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, बोलावं म्हणजे काय, बोललंच पाहिजे. समुद्र काय फक्त किनाऱ्यावरच्याचा आहे का? आपला नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला शहराच्या मधोमध आहे, पण तो फौजेकडे आहे म्हणून आपण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशी वाट पाहतो. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी त्या रांगेत उभा राहिलो आहो. तिथं बंदी काऊन आहे हे समजते, म्हणून कोणी कुरकुर करत नाही. पण कालवं काढणाऱ्या बायांच्या वाटेले कुलूप? याचं कारण कोणीतरी सांगावं मले.


बेसाल्ट
२९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

भूविज्ञानात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. आधी गुहा कशी होते ते सांगतो, कारण हक्काचा प्रश्न तिथूनच सुटायला लागतो.

कोकणचा काळा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर. दक्खनचा हाच बेसाल्ट आपल्या सीताबर्डीच्या टेकडीत आहे. नागपूर या लाव्हाच्या पूर्व कडेवर वसलंय, भंडाऱ्याच्या दिशेनं निघालात की खडक बदलतो. तेव्हा तुमच्या आईंनी हेदवीला ज्या दगडावर हात टेकला तो त्यांच्या शहराच्या टेकडीचा भाऊबंदच.

बेसाल्ट कठीण असतो, पण अखंड नसतो. थंड होताना त्याला भेगा पडतात. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबडा, मऊ पट्टा असतो. लाट नेमकी तिथं काम करते. नुसतं पाणी आपटून दगड झिजत नाही. लाट भेगेत शिरली की आतली हवा दाबली जाते, पाचरीसारखी, आणि लाट मागे हटली की ती हवा एकदम सुटते. दिवसरात्र, हजारो वर्षं. सोबत गोटे आणि वाळू घासकामाला असतातच. भेगेची कपार होते, कपारीची गुहा. गुहेचं छत पातळ होऊन पडलं की वरून उघडी घळ होते. तुम्ही ऐकलेला दणका म्हणजे कोंडलेली हवा आणि पाणी आतल्या टोकाला आपटल्याचा आवाज.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, अशा गुहेचं छत कधीतरी पडणारच असतं. आत गेल्यावर ताजे, धारदार कडांचे दगड पडलेले दिसले तर तिथं क्षणभरही थांबू नये. दुसरी कायद्याची आहे आणि ती जाणकारानं सांगावी. मी एवढंच म्हणेन की लाटेनं खोदलेली गुहा बहुतेक वेळा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच असते, म्हणजे तिची जमीन दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते.


तिसरी_लाट
२९ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

सगळ्यांच्या भावना पटतात, तरी दुसरी बाजू मांडतो. माझ्या मामांची सिंधुदुर्गात थोडी जमीन आहे. दर सुट्टीत लोक सरळ बागेतून खाली उतरतात. बाटल्या, प्लास्टिक, एकदा तर गवत पेटवलेलं. उद्या कुणी घसरून पडलं तर पोलीस आधी मामांच्या दारात येतील. जागा रीतसर विकत घेतलेल्या माणसानं गेट लावलं तर तो लगेच खलनायक होत नाही.


कोर्टकचेरी
२९ ऑक्टोबर, रात्री ८:०५

तिसरी_लाट यांचं म्हणणं रास्त आहे. मालकालाही हक्क असतात. पण ते कुठवर पोचतात हे पाहू.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. समुद्राचा, बंदरांचा, खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा. बेसाल्ट सरांनी म्हटलं तसं गुहेची जमीन भरतीला पाण्याखाली जात असेल, तर सातबारा कुणाच्याही नावावर असो, गुहा त्या सातबाऱ्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सांगितलं, की समुद्र, वाहतं पाणी, वनं, हवा ही साधनं शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असतात, शासन त्यांचा विश्वस्त आहे. तो खटला हिमाचलातल्या बियास नदीचा होता, पण तत्त्व तेच.

तेव्हा गुहा कुणाची, याचं उत्तर सोपं आहे. अवघड आहे ती वाट. सड्यावरून उतरणारी पायवाट भरतीरेषेच्या वर असते आणि ती खाजगी जमिनीतून जाऊ शकते. समुद्र सगळ्यांचा, पण तिथपर्यंत पोचायला जागा नाही, अशी कोंडी आपल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी आहे.

इथं तीन गोष्टी पाहायच्या.

गाव नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर पायवाट तुटक रेषेनं दाखवलेली असेल तर अर्धं काम झालं.

वहिवाट. सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. २० वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्कानं वापरलेल्या वाटेला तो संरक्षण देतो. गावाचा रूढीनं चालत आलेला वापरही त्यात येतो. पर्यटकाची साक्ष इथं उपयोगाची नाही. ज्या बाईची सासू आणि सासूची सासू त्याच वाटेनं कालवं काढायला उतरत होती, तिची साक्ष सगळ्यात वजनदार.

आणि तहसीलदार. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६. वहिवाटीचा रस्ता अडवला तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. त्याची मुदत अडथळा झाल्यापासून सहा महिने. गणपतीनंतर कुलूप लागलं म्हणता, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोक इथंच चुकतात. "बघू, बोलू, समजावू" म्हणत सहा महिने निघून जातात आणि मग दिवाणी कोर्टाची वर्षानुवर्षांची वाट धरावी लागते.

शिवाय किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना आहेच. भरतीरेषेलगत बांधकाम करायचं तर तिच्या परवानगीचा प्रश्न येतो. पण मी त्या वाटेनं आधी जाणार नाही. आधी वहिवाट.

ताई, अर्ज मात्र तुम्ही करायचा नाही. तो त्या बायकांचा आहे.


माहेर_गुहागर
३० ऑक्टोबर, दुपारी ३:२०

बावीस वर्षं नागपुरात मनीषनगरला राहते, पण माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. धागा वाचून दोनदा लिहायला घेतलं आणि पुसलं.

आमच्याकडे गुहा बघायला म्हणून कुणी जात नसे. लहानपणी आजीबरोबर मी कालवं काढायला जायची. पाणी घोट्याएवढं असताना सुरू करायचं, गुडघ्याला लागलं की टोपली उचलायची. आजी गुहेच्या तोंडाशी कधी पाठ करून उभी राहिली नाही. समुद्राकडे तोंड ठेवूनच काम. मला म्हणायची, "घरातल्या मोठ्या माणसासमोर पाठ करून बसतेस काय? मग इथं पण नाही." ही शिकवण नसलेला माणूस तिथं उतरतो तेव्हा मला भीती वाटते, राग नाही.

पाहुणे बुडाले की शोधायला आमचीच पोरं होडी काढतात. रात्री, पावसात, कसंही. त्यामुळे गावात काही लोकांना ते गेट बरंही वाटत असेल, हे तुम्हाला माहीत असावं. माझ्या भावानं फोनवर हेच सांगितलं: "बंद झालं ते एका अर्थी बरं, निदान कुणी मरणार नाही." मी त्याला म्हटलं, आणि कालवं? तो गप्प झाला.

म्हणून माझं मत असं. वाट उघडी हवी. पण उघडी म्हणजे काँक्रीटच्या पायऱ्या, रेलिंग आणि पार्किंग नको. तिथं पायऱ्या बांधल्या की भरतीचं भान सुटतं, माणसाला वाटतं सरकारनं रस्ता केलाय म्हणजे जाणं सुरक्षितच असणार. वाट तशीच असू दे, दगडांची. वरच्या टोकाला एक फळा हवा आणि त्यावर रोज खडूनं लिहिलेली त्या दिवसाची सुकतीची वेळ. आणि गावातलं एखादं पोरगं सोबत, त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत.

वेळ काढायची आमची रीत सांगते, सगळ्यांच्या उपयोगाची आहे. तिथीचा पाऊणपट करायचा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चारचा पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास सुकती. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराला, सुकती सकाळ-संध्याकाळी सहाला. अष्टमीला बरोबर उलट. रोज पाऊण तासानं सगळं पुढं सरकतं. दहा-वीस मिनिटांचा फरक पडतो, म्हणून स्थानिक माणसाला विचारूनच उतरायचं.

आता इथं बाहेरचे लोक फसतात. अष्टमीला सुकती भर दुपारी असते, त्यांना वाटतं छान उजेड आहे. पण अष्टमीला भांग असतो, पाणी फार मागे जातच नाही. खूप मागे जातं ते उधाणाला, पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पण तेव्हा सुकती पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला. गुहेसाठी चांगली तिथी म्हणजे द्वितीया-तृतीया. उधाणाचा जोर अजून असतो आणि सुकती सकाळी साडेसात ते सव्वाआठ. ज्या काकांनी तुम्हाला भाऊबीजेला पाठवलं त्यांना माझा नमस्कार सांगा.


फुटाळा_काठ
३० ऑक्टोबर, रात्री ९:१०

ताई, तुमचं लिहिणं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. आजीचं वाक्य तिनं दोनदा वाचायला लावलं.


पाणपक्षी
१ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

एक बाजू राहिली आहे. काही गुहा माणसांसाठी बंदच असाव्यात.

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकांची बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळीची मोठी वसाहत आहे. चिमणीहून लहान पाखरू. अंधाऱ्या गुहेत तोंडानं टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट काढतं, वटवाघळासारखं. घरटं बांधतं ते स्वतःच्या लाळेनं, त्यात गवत आणि पिसं मिसळून. परदेशात पाकोळीच्या घरट्यांचं सूप महागड्या किमतीला जातं, म्हणून इथली घरटी ओरबाडून चोरून विकली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं हा व्यापार उघडकीला आणला आणि त्या पाखरांच्या राखणीसाठी झटली. घरटं काढलं की पक्षी पुन्हा लाळ गाळून नवं बांधतो, तेही काढलं की पुन्हा. अंडी घालायच्या वेळेपर्यंत तो थकून जातो.

तिथं बोटी भरभरून पर्यटक न्यावेत असं कुणी म्हटलं तर मी त्या बोटीसमोर उभा राहीन. माझं ताईंशी भांडण नाही. त्यांची गुहा भरतीला बुडते, तिथं पाकोळ्या घरटी करणार नाहीत. पण "सगळ्या गुहा सगळ्यांना खुल्या" अशी घोषणा कुणी देऊ नये. आधी आत कोण राहतं ते पाहा.


महाल_गल्ली
१ नोव्हेंबर, सकाळी ९:००

पाणपक्षी भाऊ, हे पटलं. लाळेचं घरटं माहीत नव्हतं. रात्री पोरीले सांगतो.


अजनी_वन
२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

माझी मुलगी सोळा वर्षांची आहे आणि चाकाच्या खुर्चीवर आहे. त्यामुळे वाट खुली असण्याचा अर्थ आमच्या घरात जरा वेगळा आहे.

गेल्या वर्षी तिला घारापुरीला नेलं. तिनं शाळेच्या पुस्तकातली त्रिमूर्ती पाहिली होती आणि हट्ट धरला होता. गेटवेहून लाँचनं तासभर. धक्क्यावर लाँच लाटांवर वरखाली होत असते आणि तेवढ्यात माणसानं उडी मारून उतरायचं असतं. मुलीला दोन खलाशांनी उचलून घेतलं. अगदी आपुलकीनं, पण त्या क्षणी तिनं डोळे मिटून घेतले होते. पुढं धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी. मग शंभरावर पायऱ्या, दोन्ही बाजूंनी दुकानं. तिथं डोलीवाले आहेत. खुर्चीला बांबू, दोन पुढं, दोन मागं. मुलगी म्हणाली, "बाबा, मला सामानासारखं नाही जायचं." मी तिला समजावलं. तिनं ऐकलं, पण वरपर्यंत ती गप्प होती.

आणि मग पहिल्या लेण्यात शिरल्यावर, खांबांच्या रांगेतून आतल्या अंधारात ते तीन चेहरे. वीस फुटांच्या आसपास उंची. मधला मिटल्या डोळ्यांचा, शांत. तिनं मला खुर्ची थांबवायला सांगितली, मी थांबवली. डोलीवाले काका बाजूला उभे राहिले, घाम पुसत. कुणीच बोललं नाही. अर्ध्या तासानं ती म्हणाली, "आता फोटो काढ."

मला कुणाची तक्रार करायची नाही. १९८७ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे आणि प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात, कलम १८ मध्ये, संरक्षित स्मारकात जाण्याचा जनतेला हक्क आहे असं सरळ लिहिलंय. हे मला नंतर कळलं. हक्क कागदावर आहे, पण धक्का आणि लाँच यांच्यातलं दीड फुटाचं अंतर अजून तिथंच आहे. तरंगता धक्का लावला तर ते अंतर जातं, कारण तो लाटेबरोबर बोटीच्याच पातळीला वरखाली होतो.

तिथल्या गावकऱ्यांचंही सांगायला हवं. शेतबंदर, राजबंदर आणि मोरा बंदर ही तीन गावं त्या बेटावर आहेत. मुंबईचे दिवे समोर दिसत असताना समुद्राखालून केबल टाकून त्यांच्याकडे कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये. आपण वाटेबद्दल बोलतो तेव्हा ज्यांच्या अंगणातून ती वाट जाते त्यांनाही मोजलं पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी लेणी बंद असतात. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या मार्गावर झालेल्या अपघातानंतर मी एक नियम केलाय, लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय लाँच हलू द्यायची नाही. हातात धरलेलं चालत नाही, अंगात आणि बंद लावून.


कोर्टकचेरी
२ नोव्हेंबर, रात्री १०:३०

अजनी_वन, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मुलीला माझा आशीर्वाद सांगा. कलम १८ तुम्ही अचूक लिहिलंत.

इतर वाचकांसाठी एक फरक स्पष्ट करतो. घारापुरीची लेणी माणसानं कोरलेली आणि संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झालेली आहेत, म्हणून त्यांना हे कलम लागू आहे. लाटेनं खोदलेल्या साध्या गुहेला कुठलीच पाटी नसते, म्हणून तिच्या बाबतीत महसूल कायदा आणि वहिवाट हीच हत्यारं.


दक्षिणायन
५ नोव्हेंबर, पहाटे ४:१०

मूळचा धरमपेठचा, आता न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे राहतो. इकडं कॅथीड्रल केव्ह्ज नावाच्या समुद्रगुहा आहेत. तुमच्या प्रश्नाशी अगदी जुळतं म्हणून लिहितो.

तिथं जाणारी वाट माओरी कुटुंबांच्या सामाईक जमिनीतून जाते. म्हणजे खाजगीच. त्यांनीही गेट लावलंय. पण ते ओहोटीच्या वेळापत्रकावर चालतं. ओहोटीच्या आजूबाजूचे तास तेवढं उघडं, बाकी बंद, आणि हिवाळ्यात तर काही महिने पूर्ण बंद. माणशी ठरावीक पैसे घेतात, त्यातून वाट राखतात. गेटवर एक माणूस असतो, तो तुमच्या पायांतली पादत्राणं पाहतो आणि परत यायची वेळ सांगतो. मी चार वेळा गेलो, एकदा उशीर झाला म्हणून परतही आलो. वाईट वाटलं नाही.

गेट वाईट नसतं. ते कोण, कधी आणि कुणासाठी उघडतं यावर सगळं आहे.


तिसरी_लाट
५ नोव्हेंबर, दुपारी १:००

हे मला पूर्ण मान्य. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पंचायतीनं जबाबदारी घेतली आणि कालवंवाल्यांना कधीही सोडायचं ठरलं, तर मी स्वतः चावी देईन." ताईंच्या गावच्या मालकाशी कुणी असं बोललंय का?


फुटाळा_काठ
१४ डिसेंबर, रात्री ९:३०

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलंय.

इथलं सगळं मी त्या काकांना फोनवर वाचून दाखवलं होतं. सहा महिन्यांच्या मुदतीचं ऐकून ते उठलेच. गाव नकाशा काढला. त्यावर वाट आहे. तुटक रेष, सड्यावरून थेट किनाऱ्यापर्यंत. काकांनी फोटो पाठवलाय. कागद पिवळा, घड्यांवर फाटलेला, आणि त्या रेषेवर कुणीतरी पूर्वीच पेन्सिलनं फिरवलेलं आहे. म्हणजे आपल्याआधीही कुणाला तरी ही वाट शोधायची गरज पडली होती.

अर्ज अकरा बायकांनी केलाय. त्यातल्या चौघींनी अंगठा उठवला. त्या दिवशी भेटलेल्या दोघीही त्यात आहेत. तिसरी_लाट, मालकांशी बोलणं झालं. ते पुण्यात असतात, वाट वहिवाटीची आहे हे जमीन घेताना त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चावी अजून दिलेली नाही, पण बोलायला तयार आहेत. कॅथीड्रल केव्ह्जचं उदाहरण काकांनी त्यांना सांगितलं. "न्यूझीलंडात असं चालतं तर आपल्याकडे का नाही," असं ते स्वतःच म्हणाले म्हणे.


माहेर_गुहागर
१४ डिसेंबर, रात्री ९:५०

अकरा जणी! माझ्या भावाला पाठवते हे आत्ताच.


बेसाल्ट
१५ डिसेंबर, सकाळी ६:४०

नकाशाचा फोटो इथं टाकू नका, गाव ओळखू येईल. मला मात्र खाजगीत पाठवा, पेन्सिलची ती रेष पाहायची आहे. वाट उघडली तर लोकांना आत सोडण्याआधी छत पाहायला मी येईन. गुडघे साथ देतात अजून.


फुटाळा_काठ
२७ जानेवारी, रात्री ८:२०

काल ग्रामसभा झाली. काका सकाळपासून तिथंच होते, रात्री फोन आला.

तहसीलदारांकडची सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, अर्ज मागे घेतलेला नाही आणि तोवर घेऊ नये असंच ठरलंय. पण मालकांनी तोंडी मान्य करून एक चावी दिली. ती कालवं काढणाऱ्या बायकांकडे राहणार, पंचायतीकडे नाही, हा आग्रह बायकांचाच होता. फळ्याचंही ठरलं. शाळेतला जुना फळा मिळालाय, त्यावर रोजची सुकती लिहायचं काम सातवीतल्या मुलांनी मागून घेतलं. पायऱ्यांचा विषय निघाला होता, चार-पाच जणांनी जोर धरला होता, पण तो बारगळला. पाहुण्यांनी एकटं उतरायचं नाही, गावातला माणूस सोबत हवाच, हेही झालं. फळ्याच्या खाली तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ हे दोन्ही नंबर रंगानं लिहिणार आहेत.

आई म्हणतेय आता जाऊ. मी पंचांग पाहिलं, माघ वद्य तृतीया ४ फेब्रुवारीच्या सुमारास येते, सकाळी आठच्या आसपास सुकती. माहेर_गुहागर ताई, हिशेब बरोबर आहे ना? बेसाल्ट सर येणार आहेत, हेल्मेट आणि बॅटरी घेऊन. अजनी_वन, तुमच्या लेकीसाठी ती वाट नाही, हे काकांना विचारून पक्कं केलं, दगड फार आहेत. पण हेदवीला बामणघळीच्या अलीकडे देवळापाशी गाडी जवळ जाते आणि दणका तिथं बसूनही ऐकू येतो. आदल्या दिवशी दुपारी चढत्या भरतीला आपण तिथं थांबू शकतो.

गाडीत दोन जागा आहेत. २ तारखेला पहाटे चारला निघायचं, खामला चौकातून.


अजनी_वन
२७ जानेवारी, रात्री ८:४५

दोन्ही जागा आमच्या धरा. खुर्ची घडी होते.


माहेर_गुहागर
२७ जानेवारी, रात्री ९:०५

हिशेब बरोबर. तरी आदल्या रात्री काकांना पुन्हा विचारा. आणि बायकांसाठी संत्री न्या, पोतंभर.